बर्लिनचा कॅमेरा आणि खोलीतला तिरंगा

मुळशी तालुक्यातल्या चांदे गावात काय किंवा पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत काय, रविवारी दूरचित्रवाणीवर खेळ लागला की घरातली मंडळी एकत्र बसतात. उंच उडी घेणारा खेळाडू आकाशात क्षणभर तरंगतो. धावपटूच्या बरोबरीने कॅमेरा पळतो. सूर मारणारा पाण्याखालीही दिसत राहतो. हे सारे आता इतके अंगवळणी पडले आहे, की ते आले कुठून, असा प्रश्नही मनात येत नाही. या साऱ्या करामती एकाच चित्रपटात, फार मोठ्या प्रमाणावर एकत्र आल्या त्या १९३६ साली, हिटलरच्या बर्लिनमध्ये.

त्या वर्षी १ ते १६ ऑगस्टदरम्यान बर्लिनला ऑलिंपिक भरले. त्यावरील माहितीपटाचे काम लेनी रीफेनश्टाल या दिग्दर्शिकेकडे होते. न्यूरेंबर्गच्या नाझी मेळाव्यावरचा तिचा प्रचारपट आदल्याच वर्षी गाजला होता. आता तिने मैदानात खड्डे खणून त्यांत कॅमेरामन उतरवले, म्हणजे उडी घेणाऱ्यामागे गर्दीऐवजी मोकळे आकाश दिसावे. रुळांवरून कॅमेरे धावले, पोलादी मनोरे उभे राहिले, फुग्यांना छोटे कॅमेरे बांधले गेले. हान्स एर्टल या तिच्या सहकाऱ्याने पाण्याखाली चालणारा कॅमेरा वापरला. संथगती चित्रण तिच्या आधीही होते, पण त्यातून खेळाडूच्या शरीराचे शिल्प घडवावे, हे तिने दाखवून दिले. सुमारे चार लाख मीटर फिल्म खर्ची पडली आणि संकलनालाच दीड वर्षाहून अधिक काळ लागला.

‘ऑलिंपिया’चा पहिला खेळ झाला तो २० एप्रिल १९३८ रोजी, हिटलरच्या वाढदिवशी. कागदोपत्री निर्माती कंपनी खासगी होती. पैसा मात्र सरकारचा. सरकार उघडपणे निर्माता म्हणून दिसू नये, यासाठीच ती कंपनी काढली होती.

तरीही हा चित्रपट आरडाओरडा करत नाही. जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूने चार सुवर्णपदके जिंकली आणि चित्रपटाने त्याला मनसोक्त जागा दिली. मग हा प्रचार कसा? इथेच खरी मेख आहे. पडद्यावर दिसते ते बहुतेक खरे आहे. प्रचार आहे तो जे दिसत नाही त्यात. स्पर्धेपूर्वी शहरातले ज्यूविरोधी फलक तात्पुरते उतरवले गेले. जुलैमध्ये रोमा जमातीच्या कुटुंबांना पकडून शहराबाहेर मार्त्सानच्या छावणीत कोंडले गेले. उंच उडीत जर्मन विक्रमाची बरोबरी करणाऱ्या ग्रेटेल बर्गमन या ज्यू मुलीला ऐनवेळी संघातून वगळले. खड्ड्यातल्या कॅमेऱ्याने गर्दी टाळून फक्त आकाश टिपले, तसेच या चित्रपटाने अख्ख्या देशाचे केले.

त्या बर्लिनमध्ये आपली माणसेही होती. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डी आणि इतर देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. १५ ऑगस्ट १९३६ रोजी ध्यानचंद यांच्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८–१ असे हरवले. हा सामना ‘ऑलिंपिया’च्या दुसऱ्या भागात आहे. पण त्या दिवसाचा सर्वांत मोठा क्षण त्यात नाही. सामन्याआधी कपडे बदलण्याच्या खोलीत संघाचे सहव्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला आणि खेळाडूंनी त्याला वंदन केले. ध्यानचंद यांनी आपल्या आत्मकथनात हे नोंदवले आहे. मैदानावर ते ब्रिटिश हिंदुस्थानचे प्रतिनिधी होते. आपला झेंडा त्यांना बंद दाराआडच पाहता आला. जगातले सर्वांत तयारीचे कॅमेरे काही पावलांवर होते. त्यांना त्याची दादही नव्हती.

म्हणून तंत्रच वाईट म्हणायचे का? तसे नाही. आपल्या प्रभातच्या व्ही. शांतारामांनी ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठी १९३३ च्या सुमारास जर्मनी गाठली होती. पुढच्याच वर्षी पुण्यात तयार झालेल्या ‘अमृतमंथन’मध्ये त्यांनी दूरवेधी भिंग वापरून राजगुरूचा एक डोळा पडदाभर दाखवला आणि तोही धर्माच्या नावाने चाललेल्या जुलमाविरुद्ध. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात ‘संत तुकाराम’चा गौरव झाला. १९३८ साली तिथेच ‘ऑलिंपिया’ला मुसोलिनीच्या नावाचा चषक मिळाला. त्यावरून उठलेल्या नाराजीतूनच फ्रान्समधल्या कान महोत्सवाची कल्पना पुढे आली.

जपानच्या कोन इचिकावांनी १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकवर चित्रपट केला, तेव्हा दूरवेधी भिंगे वळवली ती दमलेल्या, हरलेल्या, एकट्या पडलेल्या खेळाडूंकडे. देशाच्या यशाची गाथा हवी असलेल्या तिथल्या अधिकाऱ्यांना ते रुचले नाही. अवजारे तीच होती, नजर मात्र वेगळी.

रीफेनश्टाल २००३ साली, १०१ वर्षांची होऊन वारली. आपण फक्त कलावंत होतो, असे ती अखेरपर्यंत सांगत राहिली. तिची करामत मात्र आता घरोघरी पोहोचली आहे. मुळशीतल्या उरुसातली कुस्तीही हल्ली मोबाइलवर संथगतीने पाहता येते. ती जरूर पाहावी, मुलांनाही दाखवावी. पण एखाद्या मोठ्या सोहळ्याचे देखणे चित्रण पाहताना ऊर भरून आला, तर त्यांना एवढे मात्र विचारावे : याचा खर्च कोणी केला, आणि कॅमेऱ्यामागच्या बाजूला कोण उभे होते?