ग्राफिक्स कार्ड आणि वॅटचा हिशेब

नारायणगावहून खोडदच्या दिशेने निघालो की शेतांच्या वर मोठमोठ्या जाळीदार ताटल्या दिसू लागतात. ही जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० ताटल्या. त्यांपैकी १४ खोडदजवळ साधारण एक किलोमीटरच्या आवारात आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर जुन्नर-आंबेगावच्या शिवारांत दूरवर पसरल्या आहेत. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तुमच्यापैकी अनेकांनी मुलांना तिथे नेले असेल. ताटल्या सगळ्यांच्या लक्षात राहतात. त्यांच्यामागे राबणारी ग्राफिक्स कार्डे सहसा कोणी पाहत नाही.

दुर्बिणीला ग्राफिक्स कार्ड कशाला लागते? या दुर्बिणीत प्रत्येक ताटलीचा संदेश दुसऱ्या प्रत्येक ताटलीच्या संदेशाशी गुणावा लागतो. ३० ताटल्यांच्या जोड्या होतात ३० × २९ ÷ २ = ४३५. प्रत्येक ताटली दोन ध्रुवणांचे दोन संदेश देते, म्हणून एका जोडीमागे चार गुणाकार, एकूण १७४०. संदेशाचा पट्टा ४०० मेगाहर्ट्झ रुंद असेल, तर यातला प्रत्येक गुणाकार सेकंदाला ४० कोटी वेळा करायचा. म्हणजे सेकंदाला सुमारे ७० हजार कोटी गुणाकार! पण यातला कोणताही गुणाकार दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबून राहत नाही. पडद्यावरचे लाखो ठिपके एकाच वेळी रंगवणारे ग्राफिक्स कार्ड नेमक्या अशाच कामासाठी बनवलेले असते.

१९९०च्या दशकात हे काम खास बनवलेल्या चिप्स करीत आणि तेव्हा पट्टा होता ३२ मेगाहर्ट्झचा. २०१०च्या सुमारास ते बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या संचावर आले. दुर्बिणीची पुनर्रचना २०१९मध्ये पूर्ण झाली आणि पट्टा ४०० मेगाहर्ट्झचा झाला, तो तयार सर्व्हरमध्ये बसवलेल्या टेस्ला के४० जातीच्या कार्डांच्या बळावर. अशा एका कार्डात २८८० छोटे गणनघटक असतात आणि ते पूर्ण जोरात २३५ वॅटपर्यंत वीज ओढते. ही वीज येते कुठून? मदरबोर्डवरच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५०. खाच आणि एक जोडणी एवढ्याने २३५चे निर्धास्तपणे भागत नाही, म्हणून या कार्डाला दोन्ही जोडण्या दिलेल्या असतात.

हा हिशेब आम्हाला ठाऊक होता, तरीही आम्ही चुकलो.

मंचरजवळच्या एका शाळेत जुना, तयार विकत घेतलेला संगणक आहे. त्यावर स्टेलॅरियम हा आकाशदर्शनाचा प्रोग्राम अडखळत चाले. एका माजी विद्यार्थ्याने आपले जीटीएक्स १०६० कार्ड शाळेला दिले. सरांनी फोन करून विचारले, तर आम्ही सांगून मोकळे झालो, "बसवून टाका." कार्डाला सहा पिनांची जोडणी हवी होती आणि पेटीत ती नव्हती. तेव्हा दुकानातून हार्ड डिस्कच्या वायरीवर बसणारा जोड आणला गेला. स्टेलॅरियम सुरू झाले, तारे सरकू लागले आणि मिनिटभरात संगणक बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी प्लास्टिक जळाल्याचा वास आला. शाळेतला तो एकमेव चालता संगणक होता.

नंतर आम्ही तिथे गेलो आणि विद्युतपुरवठ्याच्या पेटीवरचे लेबल वाचले. खरे तर हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते. एकूण क्षमता २४० वॅट. १२ व्होल्टच्या ओळीत १६ अँपिअर. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही मुख्यतः १२ व्होल्टवर जगतात, म्हणून पाहायचा आकडा एकूण वॅटचा नव्हे, १२ × १६ = १९२चा. त्यातून प्रोसेसरचे ६५ आणि बोर्ड, डिस्क, पंखे मिळून अंदाजे ४० वजा केले की उरतात ८७. ते कार्ड १२० वॅटचे. टंकलेखन करताना कार्ड जवळजवळ झोपलेले असते, त्यामुळे सारे ठीक वाटते. चित्र हलू लागले की मागणी वाढते आणि पेटीतले संरक्षण पुरवठा तोडते. काम वाढताच बंद पडणारा संगणक दिसला, तर व्हायरस शोधण्याआधी हे लेबल वाचावे.

आता जळका वास. हार्ड डिस्कच्या त्या जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे साडेचार अँपिअर, ५४ वॅट. सहा पिनांची जोडणी मात्र ७५ वॅट, म्हणजे सव्वासहा अँपिअर मागू शकते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: (६.२५ ÷ ४.५)चा वर्ग सुमारे १.९. पिनेवर जवळपास दुप्पट उष्णता! दहावीच्या पुस्तकातला ज्यूलचा नियम आमच्या नाकापर्यंत आला होता.

मोठी पेटी का नाही बसवली? तोच विचार होता. पण काही तयार संगणकांत पेटीचा आकार आणि मदरबोर्डची जोडणी त्या कंपनीची स्वतःची असते आणि बाजारातली प्रमाणित पेटी तिथे लागत नाही. इथेही तसेच निघाले. शेवटी ३० वॅटचे जीटी १०३० कार्ड आणले. त्याला वेगळी जोडणी लागत नाही. स्टेलॅरियम आता सुरळीत चालते. १२० वॅटचे कार्ड कपाटात आहे.

कार्ड बदलताना मुख्य वायर भिंतीतून काढावी आणि कार्ड हातात घेण्याआधी संगणकाच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगावरचा स्थितिक प्रभार घालवावा. पुरवठ्याची पेटी मात्र कधीही उघडू नये. त्यातले धारित्र ३०० व्होल्टच्या वर प्रभारित असते आणि वायर काढल्यावरही काही काळ तसेच राहते.

हे ३०० व्होल्ट येतात कसे? पेटी घरातल्या २३० व्होल्टचे आधी दिष्ट दाबात रूपांतर करते; शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट. मग हा दाब सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून खाली आणते. वारंवारता वाढवली की ट्रान्सफॉर्मर लहान होतो, म्हणून एवढी खटपट. पण प्रवाहाची अशी उघडझाप म्हणजे एक छोटे रेडिओ प्रक्षेपण केंद्रच. कार्डही त्यात भर घालते. के४०चे मूळ घड्याळ ७४५ मेगाहर्ट्झचे आणि जीएमआरटीचा एक पट्टा ५५० ते ८५० मेगाहर्ट्झचा! आकाशाचे ऐकायला आणलेले यंत्र आकाशाच्याच सुरात बोलते. म्हणून दुर्बिणीचे संगणक धातूने मढवलेल्या खोलीत असतात आणि ताटल्यांचे संदेश प्रकाशतंतूंतून तिथे येतात.

शाळेत हे ऐकता येते. बॅटरीवर चालणारा मध्यम लहरींचा रेडिओ दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागी लावा आणि चालू संगणकाच्या मागे न्या. खरखर वाढेल. मुलांना स्टेलॅरियम सुरू करायला सांगा. खरखरीचा सूर बहुधा बदलतो. आता रेडिओ हळूहळू मागे न्या आणि किती पावलांवर आवाज मावळतो ते मोजा. मंचरच्या शाळेत आम्हाला पाच पावले लागली; रेडिओ विजेच्या वायरीच्या कडेने नेला तेव्हा मात्र दारापर्यंत खरखर सोबत आली.