शेजाऱ्यांनी विणलेले बिनतारी जाळे

घरोघरी हल्ली कपाटावर किंवा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एक लहानशी पेटी हिरवे दिवे लुकलुकवीत बसलेली असते. तिला राउटर म्हणतात. महिन्याचे पैसे भरले की ती आपणांस जगाशी जोडते, एवढीच तिची ओळख आपण ठेवतो. परंतु एक विचित्र गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याने धाडलेला निरोप आपल्या घरी येतो, तो बहुधा दूरच्या कुठल्याशा शहरातील यंत्रांना वळसा घालून. दोन घरांत भिंत एकच, तरी निरोपाचा प्रवास शेकडो कोसांचा! बाहेरची तार तुटली की दोन्ही घरे एकमेकांना मुकी होतात.

या पेट्या परस्परांशी थेट बोलू शकणार नाहीत काय? अवश्य शकतील. तशी सोय केली म्हणजे जे तयार होते, त्यास ‘मेश’ अर्थात जाळे म्हणतात. यात प्रत्येक राउटर ठरावीक वेळाने आसपास हाक घालतो आणि कोणाकडून उत्तर येते, किती स्पष्ट येते, याची नोंद ठेवतो. पहिल्या घराचा निरोप पाचव्या घरी जायचा असेल तर मधली घरे तो हातोहात पुढे देतात. मधले एखादे घर बंद पडले आणि दुसरी वाट शिल्लक असली, तर जाळे ती आपण होऊन शोधते. येथे मुख्य केंद्र असे नसते. प्रत्येक घर स्वतःपुरते ग्राहक आणि इतरांकरिता हमाल असते.

ही कल्पना सामान्यांच्या आटोक्यात आली त्यास एक योगायोग कारणीभूत आहे. लिंकसिस कंपनीने २००२ च्या अखेरीस एक स्वस्त राउटर बाजारात आणला. त्याच्या पोटात लिनक्स ही मुक्त प्रणाली होती. तिच्या परवान्याच्या अटींनुसार कंपनीला आज्ञावली २००३ मध्ये खुली करावी लागली. मग हौशी जाणकारांनी तिच्यात फेरफार केले आणि २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा उपक्रम उभा राहिला. घरगुती पेटीला जाळ्यातली गाठ होण्याचे शिक्षण मिळाले ते असे.

तीन गावांच्या तीन कथा

स्पेनमधील कातालोनिया प्रांतात गुर्ब नावाचे खेडे आहे. तेथील विखुरलेल्या घरांपर्यंत वेगवान जोडणी नेण्यात कंपन्यांना फायदा दिसेना. तेव्हा रामोन रोका व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये छपरांवर अँटेना बसवून आपले जाळे आपणच विणण्यास प्रारंभ केला. तेच ‘ग्विफी नेट’ होय. पुढे त्याच्या गाठी तीस हजारांच्या वर गेल्या. यंत्रांहून महत्त्वाचा होता तो त्यांचा करारनामा. जो जाळ्यात येईल त्याने इतरांचा निरोप न अडवता, न न्याहाळता पुढे द्यावा, हे त्यात लिखित स्वरूपात ठरलेले आहे.

दुसरी कथा आपल्याच देशातील. २००५ च्या जानेवारीत भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांस घराबाहेरही विनापरवाना वापराची मुभा दिली. लगोलग हिमाचलातील धरमशाला येथे, तिबेटी निर्वासितांच्या संस्थांना जोडणारे जाळे उभे राहू लागले. तीसेक गाठींच्या या जाळ्यावर पुढे सुमारे दोन हजार संगणक आले, पण बाहेरच्या आंतरजालाची सोय होती त्यांपैकी पाचशेंनाच. बाकीच्यांना ते आपसांतील व्यवहारासाठीच उपयोगी पडे. डोंगराळ मुलूख, बोचरा हिवाळा आणि अँटेनांना लोंबकळणारी माकडे, या सर्वांशी झगडत ते चालविले गेले.

तिसरी कथा न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागातील रेड हुक या समुद्रकाठच्या गरीब वस्तीची. तेथील एका समाजकार्य संस्थेने लहानसे जाळे उभारले होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आदळले. वीज गेली, दूरध्वनी थकले, परंतु हे जाळे तगून राहिले. सरकारी मदत पथकाने आपली उपग्रह जोडणी त्यालाच जोडून दिली आणि आप्तांची खबर घेण्यासाठी, मदतीचे अर्ज भरण्यासाठी लोक तेथे जमू लागले. पुढे वस्तीतील तरुणांनाच जाळ्याची निगराणी शिकविण्यात आली.

उभारणीचा क्रम

एखाद्या वसाहतीने हे करावयाचे ठरविले, तर आरंभ गच्चीवरून व्हावा. कोणत्या घरातून कोणते घर दिसते याचा कागदावर नकाशा काढावा, कारण या लहरींना मोकळी दृष्टिरेषा लागते. काँक्रीटच्या भिंती, पत्र्याची छपरे व ओल्या पानांची दाट झाडे त्यांना अडवितात. मग केवळ तीन घरांपासून सुरुवात करावी. राउटरचे नेमके मॉडेल ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आहे, हे पाहूनच तो विकत घ्यावा. चुकीची आज्ञावली घातल्यास पेटी निकामी होते. सर्व गाठींना जाळ्याचे नाव, वाहिनी व परवलीचा शब्द एकच असावा, पत्ता मात्र प्रत्येकीचा निराळा. गच्चीवरील यंत्राला वीज त्याच जाळ्याच्या तारेतून देता येते. असा राउटर सामान्यतः दहा वॅटच्या आतबाहेर वीज घेतो, त्यामुळे छोट्या बॅटरीवर तो काही तास सहज चालतो. विजेच्या कडकडाटापासून संरक्षणासाठी भूजोडणी अवश्य करावी.

मर्यादाही जाणून घ्याव्यात. एकच रेडिओ असलेला राउटर एकाच वेळी ऐकू व बोलू शकत नाही, म्हणून प्रत्येक टप्प्यागणिक वेग साधारण निम्म्यावर येतो. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळचा धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या कुलूप नसलेल्या बिनतारी जोडणीवरून गेल्याचे तपासात आढळले होते. तेव्हा आपले दार उघडे टाकणे म्हणजे औदार्य नव्हे. बाहेरची जोडणी वाटून घ्यायची, तर ती देणाऱ्या कंपनीच्या अटी व शासकीय नियम आधी वाचावेत.

मग आज याची गरज काय?

२०१६ नंतर आपल्या देशात मोबाइलवरील आंतरजाल स्वस्त झाले, हे खरे. केवळ काटकसरीसाठी आता कोणी हा खटाटोप करू नये. तथापि स्वस्ताई आणि स्वाधीनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महापुरात मनोरे बंद पडले, तर गल्लीतील आजारी वृद्धाची हाक पलीकडच्या गल्लीतील डॉक्टरांपर्यंत कशी पोहोचेल? ग्रंथालयातील दुर्मीळ पुस्तकांच्या प्रती मंडळाच्याच संगणकावर ठेवून घरोघरी वाचता आल्या, तर त्यासाठी परक्या यंत्राचा उंबरा का झिजवावा?

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपणां मराठी कुटुंबांना हा विचार परका वाटू नये. वाचनालये, गणेशोत्सव, मंडळे, शाळा आपण वर्गणीवर आणि पदरमोडीवर उभ्या केल्या. त्यांचा अनुभव एकच सांगतो की, संस्था काढणे सोपे, रोजची झाडलोट कठीण. जाळ्याचेही तसेच आहे. उद्‌घाटनाला गच्ची भरते, पण पावसाळ्यात सैल झालेली तार आवळायला कोण चढेल, हा खरा प्रश्न. ज्या वसाहतीत या प्रश्नाला दोन तरी नावे मिळतील, तिने खुशाल आरंभ करावा. न मिळतील, तिने राउटर विकत घेण्याआधी ती नावे शोधावीत.