ई-क्लासवरचा लांडगा

नांदुऱ्याहून नैर्ऋत्येला मोताळ्याकडे निघालं की पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन मागे पडते आणि मुरमाड माळ लागतो. रानं मोकळी झाली की मेंढपाळ इथल्या शेतांत मेंढ्या बसवतात. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य नाहीतर पैसे देतो. कळप कुठे उतरला, हे लांडग्याला गावाआधी कळतं.

दिवस मावळायच्या आत खुंट ठोकून वाघर, म्हणजे जाळं, ताणतात. आत मेंढ्या, त्यांच्या मधोमध कोकरं, बाहेर कुत्री. लांडगे बरेचदा जोडीनं येतात. एक मुद्दाम दिसेल असा जवळ फिरतो, कुत्री त्याच्यामागे पळतात आणि मोकळ्या पडलेल्या बाजूनं दुसरा कोकरू उचलतो. म्हणून जुना मेंढपाळ भुंकण्याच्या दिशेला धावतच नाही, उलट्या बाजूला बॅटरी मारतो. "लांडगा पोटापुरतं नेते, बाप्पा. गावचे कुत्रे घुसले तर दहा फाडते," असं कोकरू गेलेल्या एका मेंढपाळानं सांगितलं. पुष्कळ धनगर याला लांडग्याचा वाटाच म्हणतात.

वाटा गेल्यावर भरपाई मागायची सोय आहे. ऑगस्ट 2022 च्या शासन निर्णयानुसार मेंढी-शेळीला बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15 हजार, यांतलं जे कमी असेल ते मिळतं. मात्र 48 तासांत वनखात्याला कळवायचं आणि पंचनामा होईतो मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही. बिबट्यानं गाय मारली तर हे जमतं. लांडगा कोकरू तोंडात धरून पसार होतो. पंचनामा कशाचा करायचा? थोडे केस, दोन थेंब रक्त, आणि तेही कुत्र्याचंच काम असेल अशी शंका.

युरोपात डिसेंबर 2024 मध्ये वन्यजीव संरक्षणाच्या बर्न करारातल्या देशांनी लांडग्याचं संरक्षण एक पायरी खाली आणलं. आपल्याकडे कायदा ढिला झालेला नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात लांडगा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसलेला आहे. देशभरात लांडगे उरलेत सुमारे 3,100. वाघाला अभयारण्य तरी आहे. 2019 मध्ये टिपेश्वरहून चालत आलेल्या वाघाला इथलं शेजारचं ज्ञानगंगा अभयारण्य सापडलं. लांडगा राहतो तो बहुतेक ई-क्लासवर, गावाच्या चराईच्या सरकारी जमिनीवर. तिथे अतिक्रमणं होतात, वनीकरणाचे खड्डे पडतात, आता सौर प्रकल्पांसाठीही गायरानंच शोधली जातात. 'पडीक' म्हटल्या जाणाऱ्या जमिनीला कुंपण घालताना तिथे कुणाची बिळं आहेत, हे सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते लांडग्याचं संरक्षण खरं सुटलंय ते इथे.

माळ आटला की कळप आणि लांडगा एकाच तुकड्यावर येतात आणि वाट्याचं गणित बिघडतं. मग बिळात धूर करणं, मेलेल्या शेळीवर औषध टाकणं सुरू होतं. ज्याचं कोकरू गेलं होतं तो मेंढपाळ मात्र अर्ज न करताच निघाला. पुढच्या शेताचा मुक्काम आधीच ठरला होता, आणि पंचनाम्यासाठी थांबायचं तर सगळ्या मेंढ्यांना दोन दिवस चारा कुठून आणायचा?