जंतू शून्य, हात वाकडा

कुष्ठरोगाच्या दवाखान्यात स्मिअर तपासणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते: भिंगाखाली जे दिसतं, त्यावरून समोरच्या माणसाचे हाल कळत नाहीत.

विदर्भातल्या एका जुन्या कुष्ठरोग रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली. काम तसं साधं. रुग्णाच्या कानाची पाळी चिमटीत घट्ट धरायची, रक्त सरकून ती पांढुरकी पडली की ब्लेडने पाच मिलिमीटरची चीर द्यायची, पातं वळवून आतला द्रव खरवडायचा आणि काचेवर पसरायचा. रक्त मिसळलं की स्लाइड बिघडली. मग कार्बोल फुक्सिन टाकून वाफ निघेपर्यंत गरम करायचं, आम्लाने धुवायचं, वर मिथिलिन ब्लू. निळ्या पसाऱ्यात लाल काड्या राहिल्या, तर ते कुष्ठजंतू.

आता दोन रुग्ण बघा. एक शेतमजूर. दंडावर एकच चट्टा, तोही बधिर. कोपराच्या आतल्या बाजूची नस बोटाला जाड लागते, करंगळी आणि अनामिका वळून गेलेल्या, विळा धरता येत नाही. त्याची स्लाइड शोधून शोधून डोळे दुखले तरी जंतू एक नाही. दुसरा किराणा दुकानदार. चट्टा कुठे दिसत नाही. चेहरा तुकतुकीत, कानाच्या पाळ्या जाड, भुवयांचे बाहेरचे केस विरळ. ‘मला काहीच त्रास नाही, घरच्यांनी पाठवलं म्हणून आलो,’ असं म्हणतो. त्याच्या स्लाइडवर जिकडे बघावं तिकडे लाल जुडगे. आमच्या मोजणीत त्याला सहा प्लस म्हणतात, म्हणजे भिंगाच्या एका दृश्यात सरासरी हजाराहून जास्त जंतू. नव्याने शिकायला आलेली मुलं हमखास विचारायची, ‘मॅडम, स्लाइडची अदलाबदल तर झाली नाही?’

नाही झाली. दोघांच्या शरीरातला जंतूही एकच, मायकोबॅक्टेरियम लेप्री. नॉर्वेतल्या बर्गेनच्या गेऱ्हार्ड हॅन्सनने 1873 मध्ये तो शोधला. हा जंतू फार मंद. एकाचे दोन व्हायला त्याला बारा ते चौदा दिवस लागतात. प्रयोगशाळेतल्या कुठल्याही खाद्यावर तो अजून वाढलेला नाही. उंदराच्या पंजात किंवा अमेरिकेतल्या आर्माडिलो या कवचधारी प्राण्यात तो वाढवावा लागतो, कारण त्याला आपल्या पोटातल्यापेक्षा थंड जागा हवी असते. म्हणून तर तो कानाच्या पाळीत, नाकात आणि कातडीलगतच्या नसांत बसतो. आणि तो कुठलंही जालीम विष सोडत नाही. मग मजुराचा हात वाकडा केला कुणी?

बऱ्याच अंशी त्याच्या स्वतःच्या शरीराने.

आपल्या रोगप्रतिकारात ढोबळमानाने दोन कामं चालतात. एक, प्रतिपिंडं म्हणजे अँटिबॉडी तयार करणं. ती रक्तात आणि पेशींच्या बाहेरच्या द्रवात फिरतात, तिथे सापडलेल्या जंतूला चिकटतात. दुसरं काम टी पेशींचं. त्या इंटरफेरॉन गॅमासारखे रेणू सोडून भक्षकपेशींना चेतवतात, मग भक्षकपेशी आपल्या पोटातल्या जंतूला मारू शकतात. कुष्ठजंतू राहतो पेशींच्या आत. भक्षकपेशींत आणि नसांना वेढणाऱ्या श्वान पेशींत. तिथे अँटिबॉडीचा काही उपयोग नाही. गंमत अशी, की त्या दुकानदाराच्या रक्तात अँटिबॉडी भरपूर असतात. त्याच्या भक्षकपेशी जंतूंना गिळतातही, पण टी पेशींचा इशाराच येत नाही. आत जंतू वाढत राहतात, पेशी स्निग्ध द्रव्यांनी फुगून फेसाळ दिसतात. भांडणच नाही, म्हणून सुरुवातीला दुखणंही नाही. मजुराच्या टी पेशी मात्र पेटून उठलेल्या. जंतू सापडणार नाहीत इतके मारले, पण नसेच्या आत एवढ्या पेशी जमल्या, एवढी सूज आली, की नसेचे तंतूच गेले.

या दोन टोकांमध्ये बाकीचे रुग्ण कमीजास्त पसरलेले असतात. डी. एस. रिडले आणि डब्ल्यू. एच. जॉप्लिंग या दोघांनी 1966 मध्ये या पट्ट्याचे पाच भाग पाडले. ते जंतूचे प्रकार नाहीत, माणसाच्या शरीराने दिलेल्या उत्तराचे प्रकार आहेत. दुकानदाराचा प्रतिकार एकूणच कमजोर असतो असंही नाही. बाकीच्या रोगजंतूंशी तो चारचौघांसारखा लढतो, फक्त या एका जंतूपुढे त्याच्या टी पेशी गप्प बसतात. त्यात जनुकांचा वाटा आहे हे आता नक्की झालंय.

आणि बहुसंख्य माणसं या पट्ट्यावर येतच नाहीत. शंभरातल्या साधारण पंचाण्णव जणांना हा जंतू शरीरात शिरला तरी रोग होत नाही. हॅन्सनचे सासरे डॉ. डॅनिएलसेन यांनी रुग्णांच्या गाठीतला द्रव स्वतःला टोचून घेतला होता. काही झालं नाही, आणि रोग आनुवंशिकच असला पाहिजे हे त्यांचं मत पक्कं झालं. प्रयोग धाडसाचा, निष्कर्ष साफ चुकीचा. आपल्याकडे बाबा आमटे कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गेले, तेव्हा त्यांनीही प्रयोगासाठी कुष्ठजंतू टोचून घेतले. त्यांनाही रोग झाला नाही. बाबांच्या धैर्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. त्यांच्या टी पेशींबद्दलही कुणीतरी चार ओळी लिहायला हव्या होत्या, असं मला कायम वाटतं.

आमच्या रुग्णालयात सगळ्यात अवघड काम म्हणजे रिॲक्शन आलेल्या माणसाला समजावणं. एमडीटीचं, म्हणजे एकत्र दिलेल्या अनेक औषधांचं, पाकीट सुरू होतं, त्यातल्या रिफॅम्पिसिनचा पहिलाच डोस बहुतेक जंतू मारतो, रुग्णापासून इतरांना होणारा धोका लवकरच जवळजवळ संपतो. आणि दोन-तीन महिन्यांनी तोच माणूस येतो: चट्टे लाल होऊन फुगलेले, कोपर ठणकतंय, पाऊल उचललं जात नाही. ‘बाई, तुमच्या गोयाईनच मले बिमार केलं,’ हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं असेल. त्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं. मेलेले जंतू लगेच नाहीसे होत नाहीत. स्मिअरचा आकडा वर्षाला साधारण एका प्लसने उतरतो, म्हणजे सहा प्लसवाल्याची स्लाइड कोरी व्हायला पाच-सहा वर्षं. तोवर मेलेल्या जंतूंच्या तुकड्यांवर प्रतिकारयंत्रणा कधीही तुटून पडू शकते. झोपलेल्या टी पेशी जाग्या झाल्या तर ती पहिल्या प्रकारची रिॲक्शन. जंतूंचे तुकडे आणि अँटिबॉडी यांची जाळी साचून ताप, सांधेदुखी आणि हात लावू न देणाऱ्या गाठी आल्या तर दुसऱ्या प्रकारची. पहिलीवर उपाय प्रेडनिसोलोन, म्हणजे चक्क प्रतिकार दाबणारं औषध, काही महिने हळूहळू कमी करत.

दुसरीवरच्या औषधाची कथा चमत्कारिक आहे. जेरुसलेममध्ये 1964 मध्ये जेकब शेस्किन या डॉक्टरांनी वेदनेने तळमळणाऱ्या कुष्ठरुग्णाला निदान झोप लागावी म्हणून थॅलिडोमाइड दिलं. गरोदर स्त्रियांनी ते घेतल्यामुळे हजारो बाळं हातापायांविना जन्मली होती, म्हणून बाजारातून काढून घेतलेलं हेच ते औषध. रुग्ण झोपला, आणि त्याच्या गाठीही भराभर ओसरल्या. हे औषध टीएनएफ नावाचा दाह भडकवणारा रेणू कमी करतं, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांच्या बाबतीत आजही त्यावर कडक बंधनं आहेत, आणि ती हवीतच.

कोविडपासून प्रत्येक किराणा दुकानात ‘इम्युनिटी वाढवणारं’ काहीतरी टांगलेलं दिसतं. आमच्या वॉर्डात प्रतिकार वाढल्यामुळेच पाय लुळा पडलेली माणसं होती. कोविडमध्येही व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी केले ते डेक्सामेथासोनने, म्हणजे पुन्हा प्रतिकार आवरणाऱ्या स्टेरॉइडने. काढा प्या, चव आवडत असेल तर. पण वाढवायचंय ते नेमकं काय, हे त्या पाकिटावर कुठेच लिहिलेलं नसतं.

नेमका हवा तोच प्रतिकार वाढवायचा प्रयत्न मात्र मुंबईत झाला. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये 1958 मध्ये एका कुष्ठरुग्णाच्या गाठीतून कुष्ठजंतूच्या जातकुळीतला, पण प्रयोगशाळेत वाढणारा जंतू वेगळा काढण्यात आला. कर्करोगाच्या संस्थेत हे कसं, असं वाटेल. पण तिथले डॉ. वसंत खानोलकर कुष्ठरोगातल्या नसांचेही मोठे अभ्यासक होते. पुढे डॉ. मधुकर देव यांनी त्याच जंतूपासून लस केली, टी पेशींना हा शत्रू ओळखायला शिकवणारी. दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीत तिने सुमारे 65 टक्के संरक्षण दिलं, तिथे तपासलेल्या लशींत सगळ्यात जास्त. तरीही ती सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात आली नाही. आज रुग्णाच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रोग होऊ नये म्हणून रिफॅम्पिसिनचा एक डोस देतात. देशात अजूनही दरवर्षी लाखभर नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून जास्त.

उपचार पूर्ण झाले की रुग्णाच्या कार्डावर आरएफटी लिहितात, औषधातून मुक्त. ते कार्ड हातात देताना मी प्रत्येकाला थांबवून सांगायचे: नस दुखली, भाकरी भाजताना चटका कळला नाही, चप्पल पायातून निसटायला लागली, तर गोळ्या संपल्यात म्हणून घरी बसू नका. सहा महिन्यांच्या आत आलात, तर गेलेली नस पुष्कळदा परत मिळते.