आधी साम्य, मग भेद

दोन याद्यांची रुजवात घालून त्यांतील फरक हुडकणे हे काम वरकरणी निव्वळ कारकुनी वाटले, तरी तेच संगणकाकडून करवून घ्यावयाचे म्हटले म्हणजे त्यातील गणिती खोली प्रत्ययास येते. जुन्या यादीत गहू, तांदूळ, ज्वारी आणि तूर अशा चार नोंदी आहेत आणि नव्या यादीत तांदूळ, ज्वारी, मूग आणि तूर अशा आहेत, असे समजू. पहिलीशी पहिली, दुसरीशी दुसरी अशी नोंद ताडत गेलो, तर चारांपैकी तीन बदलल्याचा निर्वाळा मिळेल. वस्तुतः गहू वगळला गेला आणि मूग दाखल झाला, एवढाच काय तो फेरफार.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणालीसाठी सिद्ध झालेली ‘डिफ’ ही आज्ञावली, जिची पद्धती जेम्स हंट आणि डग्लस मॅकइलरॉय यांनी १९७६ च्या अहवालात विशद केली, ती या पेचातून असा मार्ग काढते की, भेदाच्या मागे न लागता प्रथम साम्य निश्चित करावे. मध्ये कितीही खंड पडले तरी दोन्ही याद्यांत त्याच क्रमाने येणारी सर्वांत लांब सामाईक मालिका, म्हणजे येथे तांदूळ, ज्वारी, तूर, एकदा हाती आली की जुन्या यादीत उरले ते वगळलेले आणि नव्या यादीत उरले ते नवे, हे आपोआप सिद्ध होते.

मात्र दहा हजार ओळींच्या दोन संहितांतील प्रत्येक ओळ दुसरीतील प्रत्येक ओळीशी ताडणारे कोष्टक मांडले, तर त्यात दहा कोटी घरे होतात. यूजीन मायर्स यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीत श्रमाची मर्यादा दोन्ही संहितांची एकत्रित लांबी आणि फरकांची संख्या यांच्या गुणाकाराने ठरते. दहाच ओळींचा फरक असेल, तर हिशेब दोन लाखांच्या आसपास येतो. आज्ञावलींच्या आवृत्त्यांचे दप्तर राखणारे ‘गिट’ आजही मुख्यतः हीच रीत वापरते.

जेथे क्रमाला महत्त्व नाही, तेथे दोन्ही याद्या अकारविल्हे लावून तुलना केली तरी काम भागते. परंतु जेथे क्रम हाच आशय आहे, तेथे जागा बदललेली ओळसुद्धा एकीकडे वगळलेली आणि दुसरीकडे नव्याने घातलेली अशी दिसते. कारण या रीतीला ओळींची समानता कळते, लेखकाचा हेतू कळत नाही. म्हणून यंत्राने काढलेली फरकांची यादी हा तपासाचा प्रारंभ मानावा. त्यातील कोणता बदल मान्य करावयाचा, हा निवाडा जाणत्या वाचकानेच द्यावयाचा असतो.