कर्करोगातून सावरलेल्यांची भरीत पंगत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हिवाळ्यात सावदा, फैजपूर, यावल आणि रावेर या पट्ट्यात शेताच्या बांधावर होणारी भरीत पार्टी ही खानदेशातील सर्वांत मोकळी सामुदायिक पंगत मानली जाते, आणि जागतिक कर्करोग दिन, जो २००० साली पॅरिस येथे झालेल्या सनदेपासून ४ फेब्रुवारीला पाळला जातो, तोही नेमका याच हंगामात येतो. त्यामुळे कर्करोगातून सावरलेल्यांच्या सन्मानार्थ भरिताचे जेवण ठेवावे आणि त्या निमित्ताने गरजू रुग्णांच्या उपचारासाठी निधी उभारावा, ही कल्पना या परिसराला साजेशी आहे. मात्र अशा जेवणाची आखणी करताना अन्नाविषयी, आजाराविषयी आणि देणगीविषयी रूढ असलेले काही समज आड येतात, आणि त्यांतून सन्मानाऐवजी अवघडलेपण किंवा अपायही पदरी पडू शकतो. त्यांतील प्रमुख समजांची ही तपासणी आहे.

गैरसमज: कर्करोगातून सावरलेली व्यक्ती म्हणजे उपचार संपून पूर्ण बरी झालेली व्यक्ती, म्हणून तिच्या जेवणाचा वेगळा विचार करण्याचे कारण नाही.
वस्तुस्थिती: कर्करोगशास्त्रात आज रूढ असलेल्या व्यापक व्याख्येनुसार निदान झाल्याच्या दिवसापासून पुढे जगणारी प्रत्येक व्यक्ती या गटात येते, म्हणजेच पंगतीत दहा वर्षांपूर्वी बरे झालेले गृहस्थ असतील, तशी केमोथेरपी, म्हणजे औषधांनी कर्कपेशी नष्ट करण्याचा उपचार, चालू असलेली महिलाही असेल. भारतातील पुरुषांमध्ये ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत जास्त असल्याने तोंडाचे उपचार घेतलेल्या पाहुण्यांचा विचार तर आधी व्हायला हवा. तोंड व घशावर किरणोपचार झाल्यावर लाळग्रंथींचे काम मंदावते, तोंड कोरडे पडते, कोरडा घास गिळत नाही, तिखटाने आग होते आणि काहींचा जबडाही पुरेसा उघडत नाही. जठराचा भाग काढलेल्या व्यक्तीला एका वेळी थोडेच जेवता येते. म्हणून निमंत्रण देतानाच प्रत्येकाला काय चालते आणि काय चालत नाही हे खासगीत विचारून घ्यावे, आणि डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य अंतिम मानावे.

गैरसमज: अशा पाहुण्यांचे पान आणि भांडी वेगळी ठेवणे सर्वांच्या हिताचे असते.
वस्तुस्थिती: कर्करोग एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. ह्युमन पॅपिलोमा आणि हेपॅटायटिस-बी यांसारखे काही विषाणू ठरावीक कर्करोगांना कारणीभूत होतात हे खरे असले, तरी तेही एका पंगतीत बसल्याने किंवा एका भांड्यातले वाढून घेतल्याने पसरत नाहीत. जपायचे असेल तर ते पाहुण्यांनाच, कारण केमोथेरपीच्या काळात संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. म्हणून सर्दी, ताप किंवा जुलाब असलेल्या व्यक्तीने स्वयंपाकात व वाढण्यात भाग घेऊ नये. पान वेगळे मांडणे हा मात्र निव्वळ अपमान आहे.

गैरसमज: वांगे बाधते, त्यातही जाळावर भाजलेले वांगे कर्करोग उलटवते, म्हणून भरीत वर्ज्य करावे.
वस्तुस्थिती: वांगे खाल्ल्याने कर्करोग परत उद्भवतो याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. मांस तीव्र आचेवर भाजताना जी घातक संयुगे तयार होतात, त्यांतील एका प्रमुख गटासाठी स्नायूंमध्ये असणारे क्रिएटिन नावाचे द्रव्य लागते, आणि ते वांग्यात नसते. जळलेल्या सालीवर व काजळीत धुराचे अपायकारक अंश राहू शकतात, पण भरितासाठी साल काढूनच टाकली जाते. ती नीट सोलून काळे कण वेचून काढले म्हणजे पुरे. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले जळगावचे भरिताचे वांगे भाजल्यावर लोण्यासारखे मऊ होते, त्यामुळे गिळण्याचा त्रास असलेल्यांना ते उलट सोयीचे ठरते. बदल करायचा तो मिरचीत: मूळ भरीत सौम्य ठेवून तिखट फोडणी व ठेचा बाजूला द्यावा, कांद्याची पात व कोथिंबीर वरून कच्ची न पेरता फोडणीत परतावी, आणि शेंगदाणे बुरशीविरहित असल्याची खात्री करावी, कारण बुरशीपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे यकृताच्या कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण आहे. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली भाकरी, ज्यांना कोरडी लागते त्यांच्यासाठी पातळ वरण किंवा मऊ खिचडी जोडीला असावी.

गैरसमज: काळे ठिपके पडलेली पिकलेली केळी कर्करोग बरा करतात.
वस्तुस्थिती: केळीच्या व्यापारावर उभ्या असलेल्या सावद्यात हा समज मोहक वाटणे स्वाभाविक आहे, परंतु त्याचे मूळ २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगात आहे, ज्यात केळीचा अर्क उंदरांच्या उदरपोकळीत टोचून प्रतिकारपेशींची प्रतिक्रिया पाहिली होती. त्यात माणसांनी केळी खाल्ली नव्हती आणि कोणाचा कर्करोग बराही झाला नव्हता. केळे औषध नसले तरी या पंगतीसाठी ते उत्तम फळ आहे, कारण ते मऊ असते आणि जाड सालीमुळे आतला गर स्वच्छ राहतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना मात्र त्यातील पोटॅशियममुळे ते मोजूनच घ्यावे लागते. केळी इथिलीन वायूच्या नियंत्रित कक्षात पिकवलेली असावीत. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास भारतात बंदी आहे.

गैरसमज: साखर कर्कपेशींना पोसते, म्हणून गोड पदार्थ ठेवणे हा अपराध आहे.
वस्तुस्थिती: कर्कपेशी ग्लुकोज अधिक वेगाने वापरतात हे निरीक्षण, १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या ओट्टो वॉरबुर्ग यांनी १९२० च्या दशकात नोंदवलेले, खरेच आहे; परंतु शरीरातील सर्वच पेशींना ग्लुकोज लागते आणि साखर सोडली तरी शरीर ते इतर अन्नातून तयार करते. त्यामुळे सणाच्या जेवणातील एका पुरणपोळीने आजार वाढत नाही. रोजच्या अतिगोड आहाराने वाढणारा लठ्ठपणा हा खरा धोका आहे, आणि मधुमेह असलेल्यांनी किंवा स्टेरॉइड घेणाऱ्यांनी प्रमाण सांभाळायला हवे.

गैरसमज: घरचे, साधे, शाकाहारी अन्न आपोआप सुरक्षित असते.
वस्तुस्थिती: शिजवलेल्या भातात बॅसिलस सेरिअस या जिवाणूचे बीजाणू जिवंत राहतात, आणि भात कोमट अवस्थेत पडून राहिल्यास ते वाढून विषद्रव्य तयार करतात. शिजवलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवावे; बाहेर ते दोन तासांहून अधिक, आणि हवा ३२ अंशांपेक्षा गरम असल्यास एका तासाहून अधिक ठेवू नये. निधी जमवण्यासाठी भाषणे लांबतात आणि अन्न निवत जाते, म्हणून भाषणे जेवणानंतर ठेवणे हा आरोग्याचाच नियम समजावा. कच्च्या अन्नावर सरसकट बंदी घातल्याने संसर्ग टळतात असे चाचण्यांत ठामपणे दिसलेले नाही. स्वच्छ पाणी, धुतलेले हात आणि ताजे अन्न यांनाच खरे महत्त्व आहे.

गैरसमज: तंबाखू नसलेला सुपारीचा विडा निरुपद्रवी असतो.
वस्तुस्थिती: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारी स्वतःच, तंबाखूशिवायही, मानवात कर्करोग निर्माण करणारी असल्याचे म्हटले आहे. या पंगतीचा शेवट बडीशेपेने व्हावा.

गैरसमज: हेतू चांगला असला की हिशेब आणि संमतीचे प्रश्न गौण ठरतात.
वस्तुस्थिती: निधी नोंदणीकृत सार्वजनिक न्यासामार्फत गोळा करावा, तसा न्यास नसल्यास आधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाशी संपर्क साधावा. देणगीवरील आयकर सवलत दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीला तसेच धान्य, वांगी अशा वस्तुरूप दानाला मिळत नाही, हे देणाऱ्यांना आधीच सांगावे. ज्यांचा सन्मान करायचा त्यांचे छायाचित्र, नाव किंवा आजाराचा तपशील त्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय व्यासपीठावर, फलकावर वा समाजमाध्यमांवर आणू नये, कारण आजाराची ओळख उघड करणे हा निर्णय सर्वस्वी त्या व्यक्तीचा असतो.

अन्न हे कर्करोगाचे औषध नाही आणि विषही नाही. ते स्वच्छ, मऊ, सौम्य आणि वेळेवर वाढलेले असेल तर ज्याने आजाराशी झुंज दिली त्याला इतरांसोबत एकाच पंगतीत जेवता येते. म्हणून आयोजकांनी पाहुण्यांना आधी विचारावे, त्याप्रमाणे बेत ठरवावा, आणि जमलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब जाहीर करावा.