यमुनेचा पीएच मोजताना

वझिराबादजवळ यमुनेत अमोनिया वाढला की दिल्लीच्या जलशुद्धीकरण केंद्रांना उत्पादन घटवावं लागतं. त्यातला किती अमोनिया जास्त विषारी, मुक्त रूपात आहे, हे पाण्याचा पीएच आणि तापमान ठरवतं. म्हणून पीएच मीटर नीट लावणं फार महत्त्वाचं.

मीटरचा काचेचा इलेक्ट्रोड कोरडा किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवू नये. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवावा. आधी पीएच ७, मग ४ आणि ९.२ च्या ताज्या बफरने कॅलिब्रेशन करावं. वापरलेला बफर बाटलीत परत ओतायचा नाही, कधीच नाही. दिल्लीच्या हवेत तापमानाची नोंद हवीच: पीएचच्या एका एककामागे इलेक्ट्रोडच्या व्होल्टेजमध्ये १० अंश सेल्सियसला ५६.२, तर ४० अंशांना ६२.१ मिलिव्होल्टचा फरक पडतो. बफर, नमुना आणि मीटरवरचं तापमान जुळलेलं असावं. इलेक्ट्रोडचा फुगा घासून पुसू नये, टिशूने पाणी टिपून घ्यावं.

कालिंदी कुंजच्या फेसाळ पाण्यात सांडपाणी असतं. तो नमुना हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळावा. ओल्या हाताने मीटरच्या प्लगला स्पर्श नको.